नाचणीच्या लाडवांचा घरगुती धंदा असा सुरू करा
2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून नाचणी-ज्वारीला शहरात मागणी दिसतेय, आणि तुमच्या हाताला चव असेल तर थांबू नका. आधी एकच पदार्थ घ्या, लाडू म्हणा, थोडेच करून सोसायटीत विका, फुकट वाटू नका कारण पैसे देणाराच खरं सांगतो. मग एक डबा बाजूला ठेवून रोज वास घ्या, तूप खवट कधी होतं ते कळल्याशिवाय एक्सपायरी डेट छापायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं!! एफएसएसएआयचं (केंद्र सरकारची अन्नसुरक्षा संस्था) रजिस्ट्रेशन सोसायटीतल्या पहिल्या विक्रीआधीच करा, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे कशाला. भाव ठरवताना गॅस, पॅकिंग आणि स्वतःची मजुरी धराच, बायका नेमकी तीच सोडतात.