गव्हाचा तांबेरा: रोमन शेतकऱ्यांचा २५ एप्रिल आणि आपला जानेवारी

शेतकरी बंधू-भगिनींनो, रब्बी गव्हाची पेरणी तोंडावर आली आहे. या वेळच्या सल्ल्यात तांबेऱ्याविषयी लिहितो आहे आणि सुरुवात दोन हजार वर्षांपूर्वीच्या इटलीपासून करतो. तिथल्या शेतकऱ्यांनी या एका रोगासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवला होता. तो दिवस त्यांनी पिकाची अवस्था पाहून ठरवला होता, आणि आपण शिकायचे ते हेच.

सणाचे नाव रोबिगालिया, तारीख २५ एप्रिल. रोबिगस ही तांबेऱ्याची देवता. रोमपासून पाचव्या मैलाच्या दगडाजवळ पूजा होई. क्विरिनस देवाचा पुरोहित कुत्रा आणि मेंढीचा बळी देई, धूप आणि मद्य वाही. ओव्हिड या कवीने तिथली प्रार्थना लिहून ठेवली आहे. तांबेऱ्या, कोवळ्या पिकाला सोड. धरायचेच असेल तर तलवारींना आणि भाल्यांना धर. शस्त्रे गंजून पडोत, नांगराचा फाळ आणि कुदळ मात्र लखलखत राहोत. त्याच प्रार्थनेत आणखी एक गोष्ट येते. वारा, पाऊस आणि थंडीचा कडाका यांपेक्षाही मोठी भीती आहे ती ओल्या ताटांवर ऊन तापते तेव्हाची.

हे निरीक्षण बावनकशी आहे. तांबेरा ही बुरशी आहे. तिचे बीजाणू वाऱ्याने येऊन पानावर बसतात, पण पान काही तास ओले राहिल्याशिवाय ते रुजत नाहीत. रात्रभर दव आणि नंतर ऊबदार दिवस मिळाला की रोग झपाट्याने पसरतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तर जागाही सांगतो: दव साचणाऱ्या, वारा न लागणाऱ्या खोलगट जमिनीत तांबेरा जास्त, उंच आणि वाऱ्यावरच्या शेतात तो नाही. रोबिगालिया रोमच्या नुमा राजाने सुरू केला आणि एप्रिलअखेर ठेवला, कारण पिकाला तांबेरा धरतो तो त्याच सुमारास, असेही तो लिहितो.

कारण मात्र त्यांना उमगले नव्हते. शेतात लॉरेल नावाच्या झाडाच्या फांद्या रोवल्या की रोग पिकावरून फांद्यांवर जातो, अशी समजूत होती. फांद्यांनी किंवा बळीने एकही ओंबी वाचली नसणार, हे स्पष्ट सांगायला हवे. तांबेरा हा गव्हावर जगणारा सूक्ष्म परोपजीवी सजीव आहे हे इटलीतच १७६७ मध्ये फेलिचे फोंताना आणि जोव्हान्नी तार्जोनी तोझेत्ती यांनी दाखवले. पुढे १८६५ मध्ये जर्मनीच्या दे बारी यांनी सिद्ध केले की खोडावरचा तांबेरा बार्बेरीच्या झुडपावर आपल्या आयुष्याचा एक टप्पा काढतो. आपल्या सपाटीवर ही झुडपे शोधत बसू नका. महाराष्ट्रात हा रोग मुख्यतः निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर येतो. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे ते याच रोगाच्या अभ्यासासाठी.

केटो या रोमन लेखकाच्या शेतीग्रंथातली दुसरी एक प्रार्थना मला फार मोलाची वाटते. डुकराचे पिल्लू, कोकरू आणि वासरू शेताभोवती फिरवून मार्स देवाला विनवायचे की दिसणारे आणि न दिसणारे रोग दूर ठेव. तांबेऱ्यात ‘न दिसणारा’ काळ खरोखरच असतो. लागण झाल्यापासून पुटकुळी फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस जातात. आज दोन पानांवर ठिपके दिसले तर आजूबाजूच्या कितीतरी पानांत रोग आधीच शिरलेला असतो. म्हणून पाहणी आठवड्यातून दोनदा करा, आणि फक्त बांधावरून नको. सरीच्या शेवटाला पाणी साचते तो कोपरा, झाडाच्या सावलीतला पट्टा, दाट उगवलेला भाग आधी पाहा. पानावर नारिंगी ठिपके आणि खोडावर लांबट विटकरी पुटकुळ्या शोधा. बोटाने पुसल्यावर बोटाला भुकटी लागली तर तो तांबेराच.

आपला २५ एप्रिल कधी? बागायती गव्हाची वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबरला झाली तर ओंबी जानेवारीत बाहेर पडते. तेव्हापासून दाणे भरेपर्यंत डोळ्यांत तेल घालून राहा. ढगाळ हवा, धुके किंवा अवकाळी सर आली तर पाहणी रोज करा.

पेरणी लांबवू नका. लवकर पक्व होणारा गहू रोगाच्या तडाख्यातून निसटतो. गेल्या शतकात रोमजवळच्या रिएतीत नाझारेनो स्ट्राम्पेली यांनी याच तत्त्वावर काम केले. तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या रिएतीच्या स्थानिक गव्हाच्या संकरात त्यांनी जपानचा बुटका, लवकर पकणारा अकाकोमुगी आणला. आपल्याकडे निफाडच्या संशोधन केंद्राचा फुले समाधान हा तांबेरा-प्रतिकारक वाण आहे. घरचे मिसळलेले बियाणे पेरण्यापेक्षा असे वाण घ्या. हेक्टरी १२० किलो नत्र पुरे. निम्मे पेरताना आणि निम्मे तीन आठवड्यांनी द्या. जास्त युरियाने पीक दाट आणि लुसलुशीत होते, आत दव वाळत नाही. पाणीही साचू देऊ नका.

रोमन लोक पेरणी संपल्यावर जानेवारीत सेमेंतीवाए हा सण पाळत: टेलुस आणि सेरेस या देवतांना नैवेद्य, बैलांच्या गळ्यात माळा, त्यांना पूर्ण विश्रांती. आपल्या पोळ्याची आठवण व्हावी असाच दिवस. पण माणसांचे हात थांबत नसत. सणाच्या दिवशीही जुने चर साफ करणे, काटेरी झुडपे तोडणे, रस्ता दुरुस्त करणे, साफसफाई ही कामे चालतात, असे केटो सांगतो. पेरणीआधी रिकामा दिवस मिळाला तर याच यादीतले पहिले काम घ्या आणि पाण्याचे चर मोकळे करा.

तांबेरा दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी १ मिली प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारा; एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते. दव उडाल्यावर, वारा शांत असताना फवारा आणि खालच्या पानांपर्यंत द्रावण पोहोचू द्या. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. फवारणी ते काढणी किती दिवसांचे अंतर ठेवायचे ते बाटलीवरच्या लेबलवर पाहा. रोग पुन्हा दिसला तर दुसऱ्या फवारणीआधी कृषी सहायकाला ताट उपटून दाखवा.