प्लेटवर बुरशी आली, पण कुठून? बिया निर्जंतुक करायला शिकणाऱ्यांसाठी

वनस्पतींवर काम करणाऱ्या लॅबमध्ये नवख्याच्या हाती सगळ्यांत आधी येणारं काम म्हणजे बहुधा बिया निर्जंतुक करून माध्यमावर (अगर घालून घट्ट केलेल्या पोषक द्रावावर) पेरणं. प्रोटोकॉल अर्ध्या पानात मावतो, म्हणून कुणी नीट शिकवत बसत नाही. एखादा सिनियर एकदा करून दाखवतो आणि आपल्या कामाला लागतो. चार दिवसांनी झाकणाआड बुरशी दिसते आणि नवखा माणूस ठरवून टाकतो की ब्लीच कमी पडलं, पुढच्या वेळी दुप्पट वेळ ठेवू. पुढच्या वेळी बुरशी असतेच, शिवाय बियाही उगवत नाहीत.

म्हणून मी नव्या मुलांना आधी खराब झालेली प्लेट वाचायला शिकवते. त्यासाठी प्रत्येक पायरी काय करते हे माहीत हवं, तेव्हा सुरुवात तिथून.

माध्यम बुरशीलाही तितकंच आवडतं. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बनवलेलं एमएस माध्यम आजही सर्रास वापरतात आणि त्यात बहुतेक जण सुक्रोज घालतात. साखर मिळाली की बुरशी रोपाच्या कितीतरी पुढे धावते. अराबिडॉप्सिसची (लॅबमध्ये प्रयोगांसाठी सर्रास वापरली जाणारी एक छोटी वनस्पती) रोपं निम्म्या ताकदीच्या एमएसवर साखरेशिवाय चांगली वाढतात. प्रयोगाला साखर लागतेच का, हे गाईडला एकदा विचारून घ्या. नसेल लागत तर निम्मी कटकट तिथेच संपते.

इथेनॉल ७० टक्केच का? शुद्ध इथेनॉल सूक्ष्मजीवाच्या बाहेरची प्रथिनं पटकन गोठवतं आणि आत फारसं शिरत नाही. पाणी मिसळलेलं आत मुरतं. पण जिवाणूंचे बीजाणू त्यानेही मरत नाहीत. एक-दोन मिनिटांच्या या पायरीचा मोठा फायदा असा की बीच्या पृष्ठभागाला चिकटलेली हवा सुटते आणि पुढचं ब्लीच सगळीकडे पोचतं. त्याच कारणासाठी ब्लीचमध्ये ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचा एखादा थेंब टाकतात.

सगळ्यांत जास्त गोंधळ ब्लीचचा. वहीत लिहिलेलं असतं ‘१० टक्के ब्लीच’. म्हणजे बाटलीतलं १० मिलि आणि पाणी ९० मिलि, की १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधला खरा मारक घटक)? बाटली ५ टक्क्यांची असेल तर पहिल्या अर्थाने हाती ०.५ टक्के हायपोक्लोराइट येतं. दुसरा अर्थ धरला तर ते वीसपट तीव्र झालं, आणि त्यात बी जगायची आशा नको. वहीत कायम हायपोक्लोराइटचं प्रमाण लिहा. बाटली उन्हात, उष्णतेत किंवा नुसती जुनी होऊनही उतरते. ‘तोच प्रोटोकॉल, पण आता चालत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी बाटली कधी उघडली ते विचारते. विरल केलेलं ब्लीच त्याच दिवशी वापरा, सुगंधी आणि जेलवालं टाळा.

अराबिडॉप्सिससारख्या बारीक बियांना साधारण ०.५ ते १ टक्का हायपोक्लोराइट पाच ते दहा मिनिटं पुरतं, आणि तेवढा वेळ नळी हलवत राहायची. मोठ्या बियांना १ ते २ टक्के आणि पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात. हे आकडे फक्त सुरुवातीसाठी. नवा लॉट आला की थोड्या बियांवर पाच, दहा, पंधरा, वीस मिनिटं करून बघा आणि दोन गोष्टी मोजा: किती बियांभोवती वाढ आली आणि किती बिया उगवल्या. वाढ थांबते पण उगवण टिकते, ती वेळ तुमची.

मग निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुणं. नवखे ब्लीचची वेळ सेकंदावर मोजतात आणि नंतर आठवडाभर उघडझाप झालेल्या बाटलीतलं पाणी वापरतात! पाणी लहान बाटल्यांत ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं; १२१ अंश सेल्सिअस, पंधरा-वीस मिनिटं) आणि एकदा उघडलेली बाटली त्या दिवसापुरतीच ठेवा. ओल्या पद्धतीत बिया पाणी शोषून घेतात, त्यामुळे लगेच पेरायच्या. बिया एकसारख्या उगवाव्यात म्हणून थंडी द्यायची असेल तर पेरलेली प्लेट अंधारात ४ अंशांवर दोन-चार दिवस ठेवता येते.

लॉट खूप असतील तर क्लोरीन वायूची पद्धत सोयीची. डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाच्या हवाबंद भांड्यात) उघड्या नळ्यांत कोरड्या बिया, शेजारी बीकरमध्ये १०० मिलि ब्लीच, त्यात ३ मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून झाकण ताबडतोब बंद, आणि तीन-चार तास थांबायचं. हे काम विषारी वायू बाहेर खेचणाऱ्या फ्यूम हूडमध्येच करायचं, लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेली हवा सोडणाऱ्या, पेरणीच्या कपाटात) कधीच नाही. आडव्या लॅमिनारमधली हवा थेट तुमच्या तोंडावर येते, आणि क्लोरीन विषारी आहे. पहिल्यांदा करताना हे काम येणारा माणूस सोबत हवा. नळ्यांवर नावं पेन्सिलने लिहा, मार्करची शाई क्लोरीनमध्ये उडून जाते आणि मग कुठली बी कुठल्या लाइनची हे देवालाच ठाऊक. एरवीही टाकाऊ ब्लीचच्या बाटलीत आम्ल किंवा अल्कोहोल ओतू नका. जुन्या प्रोटोकॉलमध्ये ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड दिसेल. ते काम चोख करतं, पण पारा विषारी आणि त्याचा कचरा लॅबच्या मानगुटीवर बसतो. ब्लीचने भागत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

आता प्लेट. तिच्याकडे बघताना पहिला प्रश्न: वाढ बीला चिकटून आहे की बीपासून दूर?

बीपासून दूर, माध्यमावर मध्येच सुटे ठिपके असतील तर ते हवेतून किंवा हातातून पडलेत. झाकण किती वेळ उघडं होतं, उघड्या प्लेटवरून हात फिरत होता का, हे आठवा. ब्लीच वाढवून इथे काही मिळणार नाही. ठिपके अगरच्या आत खोलवर असतील, किंवा न पेरलेली प्लेटही खराब झाली असेल, तर माध्यम नाहीतर ते ओतण्याची पद्धत दोषी. कडेने आत सरकणारी बुरशी झाकणाखालच्या ओलाव्यातून आणि सैल टेपमधून येते. ओळीतल्या पहिल्या दहा बिया स्वच्छ आणि नंतरच्या सगळ्या खराब असतील तर मधेच चिमटा किंवा पिपेटचं टोक कुठेतरी टेकलंय.

वाढ बीभोवतीच असेल तर दोन शक्यता. जवळजवळ प्रत्येक बीभोवती असेल तर वरची स्वच्छता कमी पडली. इथे ब्लीचआधी बिया चाळून बघा. शेंगेच्या सालींचे तुकडे आणि भुसा यांत बुरशी दडून बसते आणि तिथे ब्लीच नीट पोचत नाही. पण वेळ वाढवूनही थोड्याच बियांभोवती, उशिरा, दुधाळ वलय येत राहत असेल तर सूक्ष्मजीव बीजावरणाच्या आत आहे. ब्लीच त्याच्यापर्यंत पोचेल तोवर भ्रूण मेलेला असतो. अशा वेळी बी उगवल्यावर स्वच्छ रोपं लगेच नव्या प्लेटवर हलवणं किंवा कोरड्या, निरोगी झाडांवरून नवं बी घेणं हाच मार्ग. माध्यमात बुरशीनाशक घालायचा सल्ला मिळेल. त्याने रोपाच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो, त्यामुळे मी तो सहसा ऐकत नाही. जनुक बदललेल्या रोपांची कॅनामायसिन या प्रतिजैविकावर निवड करत असाल तर लक्षात असू द्या, ते बऱ्याच जिवाणूंना दाबतं, बुरशीला नाही.

हे सगळं ओळखता यावं म्हणून प्रत्येक खेपेला तीन जास्तीच्या प्लेट ठेवा: एक रिकामी, एकीवर शेवटच्या धुण्याच्या पाण्याचे थेंब, आणि एका डिशमध्ये निर्जंतुक न केलेल्या बिया ओल्या फिल्टर पेपरवर. उगवण कमी झाली तर ती ब्लीचमुळे की बीच जुनं, हे तिसरीवरून कळतं.

काही बियांचे नखरे वेगळे. कडधान्यांच्या बियांमधून तडकलेल्या आधीच निवडून काढा, भेगेतून ब्लीच थेट आत जातं. ऑर्किडचं बी धुळीसारखं, धुताना पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून फिल्टर पेपरच्या पुडीत बांधून धुतात. त्याला भ्रूणपोष (बीतला अन्नसाठा) नसतो; निसर्गात ते उगवायला बुरशीची साथ लागते. साखरेच्या माध्यमावर ते बुरशीविना उगवतं हे लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवलं. शेंग अजून हिरवी आणि बंद असेल तर फक्त तिची बाहेरची बाजू निर्जंतुक करून लॅमिनारमध्ये कापतात. आतल्या बिया बहुधा स्वच्छच असतात, त्यांना ब्लीच लावावंच लागत नाही.

लॅमिनारमध्ये अल्कोहोल फवारल्यावर ते पूर्ण उडेपर्यंत बर्नर पेटवू नका, आणि हात आत घालण्याआधी यूव्ही दिवा बंद केलाय ना ते बघा. खराब प्लेट कुतूहलाने तिथे उघडू नका. फोटो झाकणावरून काढा, वहीत लॉट, कापणीची तारीख आणि ब्लीचची बाटली कधी उघडली ते लिहा, आणि प्लेट बंदच ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाका.