कागदाच्या चिपवर ग्लुकोज मोजायचं कसं, आणि आवळ्याचा रस आला की काय करायचं

एमएस्सीच्या पोरांनी विचारलं, मॅडम मायक्रोफ्लुइडिक्सला, म्हणजे बारीक नळ्यांतून थेंबभर द्रव खेळवायच्या कामाला, क्लीनरूम (धूळमुक्त खोली) लागते ना, मग आपण परभणीत बसून काय करणार? त्यांना जे करून दाखवलं तेच इथं लिहितेय, कारण हे काम फिल्टर पेपर, मेणाचा खडू आणि इस्त्रीवर खरंच होतं. २००७ साली हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या ग्रुपने कागदावरच असे चॅनेल करून लघवीतलं ग्लुकोज आणि प्रोटीन दाखवलं होतं, तिथून या कागदी चिपांचं काम लई वाढलं. कागद स्वतःच पाणी ओढतो, पंप लागत नाही.

आधी चिप. व्हॉटमन नंबर १ चा फिल्टर पेपर घ्या, त्यावर पेन्सिलनं एक सॅम्पलचा गोल, तिथून निघणारा चॅनेल (पाणी वाहायची पट्टी) आणि टोकाला ५ मिमीचा डिटेक्शनचा गोल, म्हणजे जिथं रंग येणार तो, काढा. बाहेरची सगळी जागा मेणाच्या खडूनं दोन्ही बाजूंनी दाबून रंगवा, मग हॉटप्लेटवर किंवा दोन साध्या कागदांमध्ये ठेवून इस्त्रीनं मेण आरपार वितळवा. इथं सगळ्यांचीच चूक होते, मेण खाली उतरतं तसं बाजूलाही पसरतं, त्यामुळे २ मिमीचा चॅनेल हवा असेल तर ४ मिमीचा काढा, नाहीतर वितळल्यावर चॅनेल बंदच झालेला दिसतो. थंड झाल्यावर निळ्या खायच्या रंगाचा एक थेंब सोडून बघा. कडेनं निळं झिरपलं तर तिथं मेण कमी पडलंय, ती चिप बाजूला टाका, डागडुजी करत बसू नका.

चॅनेल लांब ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. कागदातलं पाणी वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबानं पुढं सरकतं, म्हणजे अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की पाणी टोकाला पोचायच्या आधीच वाळतं. १० ते १५ मिमी पुरे. चॅनेलवर दोन्ही बाजूंनी पारदर्शक सेलोटेप लावा पण डिटेक्शनचा गोल उघडाच ठेवा, कारण त्या गोलातल्या ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो, ग्लुकोजच्या एका रेणूला ऑक्सिजनचा एक, आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार थोडा असतो, तो हवेतूनच भरून यावा लागतो. आम्ही उन्हाळ्यात हे काम सकाळी सात-आठला उरकतो.

आता केमिस्ट्री. ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, पेरॉक्सिडेज हे दुसरं एन्झाइम त्या पेरॉक्साइडनं आयोडाइडचं आयोडीन करतं, आणि पांढरा गोल तपकिरी होतो. डिटेक्शनच्या गोलात आधी ०.६ मोलर पोटॅशियम आयोडाइड टाका (१० मिलीत साधारण १ ग्रॅम), वाळू द्या, मग पीएच ६ च्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं सोल्युशन) दोन्ही एन्झाइम मिसळून टाका आणि परत सावलीत वाळवा. ५ मिमीच्या गोलात दोन-अडीच मायक्रोलिटरच मावतं, म्हणून एका वेळी तेवढंच, जास्त टाकलं की मेणावर थेंब तरंगतो. ट्रेहॅलोज ही साखर असेल तर एन्झाइममध्ये घाला, वाळलेलं एन्झाइम त्यानं टिकतं. पाणी डिस्टिल्डच हवं, बोअरचं अजिबात नको.

स्टँडर्ड, म्हणजे ज्यातलं ग्लुकोज आधीच माहीत आहे अशी सोल्युशनं, करताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. १०० मिलीत १८० मिलिग्रॅम ग्लुकोज म्हणजे १० मिलिमोलर, हे सोपं आहे, पण सोल्युशन केल्या केल्या वापरू नका, रात्रभर ठेवा. ग्लुकोजच्या रेणूची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात, एन्झाइम फक्त बीटा ग्लुकोज ओळखतं आणि बाटलीतली पावडर बहुतेक अल्फा असते, पाण्यात दोन्हीचं संतुलन व्हायला वेळ लागतो. ताज्या सोल्युशनवर काढलेला ग्लुकोज आणि रंगाचा ग्राफ दुसऱ्या दिवशी जुळत नाही आणि माणूस उगाच पिपेटला दोष देत बसतो. ०, १, २.५, ५ आणि १० मिलिमोलर एवढे पॉइंट घ्या. आणि माझं एक ठाम म्हणणं आहे, स्टँडर्ड आणि सॅम्पल एकाच दिवशी, एकाच कागदातून कापलेल्या चिपवर, एकाच फोटोत. कालचा ग्राफ आणि आजचं सॅम्पल हा मेळ चालत नाही, कारण तापमान, ओलावा, एन्झाइमची ताकद सगळं बदललेलं असतं.

सॅम्पल टाकल्यावर बरोबर १० मिनिटांनी फोटो. आयोडीन हळूहळू उडून जातं आणि उजेडात आयोडाइड आपोआप पिवळं पडतं, म्हणून वेळ चुकली की आकडा चुकला. बुटाच्या खोक्याला वर भोक पाडून आत एक एलईडी लावा, मोबाइल त्या भोकावर ठेवा, फ्लॅश बंद. इमेजजे हे फोटो मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात फोटोचे लाल, हिरवा, निळा असे रंग वेगळे करून निळ्याचा आकडा घ्या, तपकिरी-पिवळा रंग निळा उजेडच शोषतो म्हणून फरक तिथं सगळ्यात जास्त दिसतो.

जालन्याची मोसंबी आणून रस काढला, गाळला, २० पट पातळ केला, छान रंग आला. मग एकानं आवळ्याचा रस आणला, तोही २० पट पातळ करून टाकला. गोल पांढराच. "मॅडम, एन्झाइम मेलं वाटतं." शेजारचे स्टँडर्ड मात्र तपकिरी होते, म्हणजे एन्झाइम जिवंत. मग त्याच रसात मुद्दाम १ मिलिमोलर ग्लुकोज मिसळायला लावलं, तरी पांढरा. इथं पोरं गप्प झाली. दोष व्हिटॅमिन सीचा होता. तयार झालेलं आयोडीन ते लगेच परत आयोडाइड करून टाकतं, एकास एक. आवळ्याच्या रसात १०० मिलीला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे व्हिटॅमिन सी असू शकतं, २० पट पातळ केल्यावरही ते १ मिलिमोलरच्या वर राहतं, म्हणजे आपण घातलेलं सगळं ग्लुकोज तेच गिळून टाकणार. मोसंबीत ते त्या मानानं लई कमी, आणि ग्लुकोज जास्त, म्हणून तिथं कळलं नाही. लघवीच्या पट्टीवर व्हिटॅमिन सीच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाचं ग्लुकोज कधीकधी दिसत नाही, तेही यामुळेच. रुग्णाचा प्रश्न असेल तर ही चूक किती महाग पडेल विचार करा.

म्हणून आधी सेपरेशन, मग सेन्सिंग. पीएच ६-७ ला व्हिटॅमिन सीवर निगेटिव्ह चार्ज असतो, ग्लुकोजवर नसतो. डीईएई सेल्युलोजचा कागद, म्हणजे निगेटिव्ह चार्जवाले रेणू धरून ठेवणारा कागद, पॉझिटिव्ह असतो. त्याची ८ ते १० मिमीची पट्टी कापून चॅनेलच्या मधोमध बसवा, दोन्ही टोकं मूळ कागदावर एक-दोन मिमी चढली पाहिजेत, आणि टेपनं घट्ट दाबा, फट राहिली तर पाणी तिथंच थांबतं. व्हिटॅमिन सी पट्टीत अडकतं, ग्लुकोज पुढं जातं. रस आधी अगदी पातळ सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ६ पर्यंत आणा, पण थेंबाथेंबानं, अल्कली जास्त झालं की व्हिटॅमिन सी हवेनंच ऑक्सिडाइज होऊन जातं आणि मग पट्टीनं काम केलं की हवेनं, हे कळणारच नाही. रसात बफर घालू नका. फॉस्फेट आणि फळातलं सिट्रेट दोन्ही पट्टीवरच्या त्याच पॉझिटिव्ह जागांसाठी भांडतात, सिट्रेट तर व्हिटॅमिन सीला ढकलून बाहेर काढतं, म्हणून आंबट रस जास्त पातळ करावा लागतो. बफर डिटेक्शनच्या गोलात आहेच, तो पुरतो.

पट्टी बसवल्यावर स्टँडर्डही त्याच पट्टीतून पाठवायचे, थेट गोलात टाकायचे नाहीत, कारण पट्टीमुळे पोचणारं पाणीच कमी होतं. आमच्या पहिल्या प्रयत्नात रंग आला पण फिक्का, पट्टी १० मिमीची केली आणि रस ५० पट पातळ केला तेव्हा घातलेलं १ मिलिमोलर बऱ्यापैकी परत मिळालं. ही तपासणी प्रत्येक नव्या फळाला करा, त्याच रसाचे दोन भाग, एकात १ मिलिमोलर ग्लुकोज घातलेलं, एकात नाही, आणि दोन्हीतला फरक ०.९ ते १.१ मिलिमोलरच्या बाहेर गेला तर तो आकडा वहीत लिहा पण कुणाला देऊ नका, आधी रस अजून पातळ करा, नाहीतर पट्टी लांब करा.