एसी बसचं भाडं शून्य कसं? ओव्हरराइड आणि कन्स्ट्रक्टरच्या या चुका टाळा

कोड बिनतक्रार कंपाइल होतो, लाल रेघ कुठेच नाही, आणि एसी बसच्या तिकिटावर भाडं येतं ०. मुंबईत जावा शिकणाऱ्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये हा घोळ होतो तेव्हा सगळे छपाईच्या ओळीकडे बघत बसतात. दोष तिथे नसतोच.

बेस्टचंच उदाहरण घ्या. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२. समजा 'बस' या पॅरेंट क्लासमध्ये १० रिटर्न करणारी भाडे() मेथड आहे, आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमधूनच (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा कोड) ती बोलावून तिकीट छापलं. 'एसीबस' या चाइल्ड क्लासमध्ये किमान = १२ असं फील्ड ठेवलं आणि भाडे() ओव्हरराइड करून, म्हणजे पॅरेंटची मेथड चाइल्डमध्ये नव्याने लिहून, तेच रिटर्न केलं. आता एसीबसचा ऑब्जेक्ट बनवा. आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो. ऑब्जेक्ट एसीबसचा, म्हणून भाडे() चाइल्डचीच धावते. पण फील्डमध्ये १२ भरायची पाळी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर संपल्यावर येते. तोवर तिथे शून्य. स्ट्रिंग (मजकूर) असती तर नल, म्हणजे काहीच नाही.

फील्डला फायनल (एकदा भरलं की बदलत नाही) लावलं की १२ येतात! पोरं खूश. पण ही दुरुस्ती नव्हे: थेट आकडा दिलेलं फायनल फील्ड कंपायलर कॉन्स्टंट धरतो आणि आकडा जागीच चिकटवतो. भाडं पॅरामीटरमधून घ्यायला लागलात की पुन्हा शून्य.

खरा उपाय म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त फील्ड भरायची, छपाईची मेथड ऑब्जेक्ट तयार झाल्यावर बाहेरून बोलवायची. कन्स्ट्रक्टरमधून मेथड बोलवणं भागच असेल तर ती प्रायव्हेट किंवा फायनल ठेवा, म्हणजे चाइल्डला ती ओव्हरराइड करता येणार नाही. सी प्लस प्लसवाल्यांनी जावाचा हिशोब तिथे लावू नये. तिथे बेसच्या (म्हणजे पॅरेंटच्या) कन्स्ट्रक्टरमध्ये बेसचीच मेथड चालते, म्हणजे १० छापले जातील.

पॅरेंटमध्ये पॅरामीटरवाला कन्स्ट्रक्टर लिहिलात की फुकटातला डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर गायब होतो, आणि एरर मात्र चाइल्ड क्लासमध्ये दिसतो. चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिल्याच ओळीत सुपर() ला (पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर बोलवणारी ओळ) योग्य पॅरामीटर द्या. (जावा २५ पासून त्याआधी पॅरामीटर तपासायच्या ओळी चालतात; कॉलेजच्या लॅबमध्ये ती आवृत्ती असेलच असं नाही.)

भाडे(int अंतर) लिहून 'ओव्हरराइड केलं' म्हणणारेही बरेच. ते ओव्हरलोडिंग झालं, म्हणजे त्याच नावाची पण वेगळ्या पॅरामीटरची दुसरी मेथड; जुनी भाडे() जशीच्या तशी चालू राहते. मेथडच्या डोक्यावर @ओव्हरराइड लिहा, कंपायलर तिथल्या तिथे अडवेल.