पावसाळ्यात कोकणात निळे जीव बघायला जाताय? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये ताम्हिणी उतरून पुण्याची मंडळी दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर गाठतात. पुळणीवर निळी बटणं आणि निळे फुगे पडलेले दिसतात, फोटो निघतात आणि ‘जेलीफिश!’ म्हणून ग्रुपवर जातात. मी दर पावसाळ्यात कोथरूडहून काही विद्यार्थ्यांना घेऊन हेच बघायला जातो. हे जीव खोल समुद्रातून वर आलेले नसतात. पाणी आणि हवा जिथे भेटतात, त्या पृष्ठभागावरच त्यांचा सगळा जन्म जातो. शास्त्रात त्यांना न्यूस्टन म्हणतात. हवं तिकडे पोहत जाणं यातल्या बहुतेकांना जमत नाही, वारा नेईल तिकडे ते जातात. आपण नेमका तो वाराच विसरतो, आणि बऱ्याचशा चुका तिथून सुरू होतात.

भरती-ओहोटी बघितली, वारा नाही

घाटात पाऊस किती आणि ओहोटी किती वाजता, एवढं बघून आपण निघतो. त्याआधीचे दोन-तीन दिवस वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहत होता का, हे कुणी बघत नाही. तसा वारा नसेल तर ओहोटी कितीही चांगली असली तरी पुळण रिकामी मिळते. पोहोचल्यावरही लोक थेट पाण्याच्या कडेला धावतात. पावसाळी समुद्र जीव घेतो, तिथे जायचंच नाही. आपल्याला हवं ते भरतीने वर आणून टाकलेल्या काटक्या-शेवाळाच्या रेघेत असतं. सकाळी लवकर, कावळे यायच्या आणि ऊन चढायच्या आधी, ही रेघ धरून सावकाश चालायचं.

मेलेलं आहे म्हणून हात लावणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. निळा, लांबट, फुगवलेल्या पिशवीसारखा दिसतो तो फायसेलिया, म्हणजे ब्लू बॉटल. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर याने बऱ्याच लोकांना दंश केला होता. ही जेलीफिश नव्हे, आणि एक प्राणीही नव्हे. वेगवेगळी कामं वाटून घेतलेल्या अनेक घटकांची ती वसाहत असते. कुणी तरंगायचं, कुणी शिकार करायची, कुणी पचवायचं. तिचे धागे पाण्यात दहा मीटर सहज भरतात, क्वचित तीसही. धागा तुटला, सुकला, फुगा फुटला, तरी त्यातल्या दंशपेशी शाबूत असतात. वाळूत पडलेला निळसर दोरा दिसतही नाही, म्हणून अनवाणी फिरू नका आणि मुलांना फुगे फोडू देऊ नका.

डंख झालाच तर आपण घाबरून वाळू चोळतो किंवा बाटलीतलं पिण्याचं पाणी ओततो. दोन्हीमुळे न फुटलेल्या पेशी फुटतात आणि आग वाढते. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा हातमोजा घालून काढा, जागा समुद्राच्या पाण्याने धुवा आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअस, वीस मिनिटं ठेवा. मुक्कामाच्या घरी अंघोळीचं पाणी तापवलेलं असतंच. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा अंगभर पुरळ उठलं तर गरम पाण्यात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा.

फोटोसाठी ‘सरळ’ करणं

ग्लॉकस ही जेमतेम तीन सेंटीमीटरची निळी समुद्रगोगलगाय मिळणं म्हणजे भाग्यच. हौशी फोटोग्राफर तिला काडीने उलटी करतात, कारण पाठ वर हवी असं त्यांना वाटतं. पण ती पोटात हवेचा बुडबुडा धरून उताणीच तरंगते. आकाशाकडे असतं ते निळं पोट, आणि खाली पाण्याकडे रुपेरी पाठ. वरून बघणाऱ्या पक्ष्याला ती निळ्या पाण्यात दिसत नाही, खालून बघणाऱ्या माशाला उजेडात दिसत नाही. आपण पालथी केली की ही सगळी योजनाच फोटोतून पुसली जाते. शिवाय ती फायसेलिया खाऊन त्याच्याच दंशपेशी आपल्या अंगात साठवते, त्यामुळे तिलाही बोट लावायचं नाही. पांढऱ्या उथळ डब्यात समुद्राचं पाणी घ्या, काडीने अलगद उचलून त्यात ठेवा, ती स्वतः हवी तशी वळेल.

गोड्या पाण्यात ठेवणं

जांथिना ही जांभळी गोगलगाय हवेचे बुडबुडे चिकट स्रावात गुंडाळून त्यांचा तराफा करते आणि त्याला उलटी लटकून राहते. माझ्या पहिल्या खेपेला मी एक जिवंत जांथिना डब्यात ठेवून वर बाटलीतलं पाणी ओतलं. तासाभरात ती मेली. समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी सोसत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. घाईत हात चुकला. दुसरी चूक तराफा ओढून बघण्याची. नवे बुडबुडे करायला तिला पृष्ठभागावरची हवा लागते, आणि ती पोहू शकत नाही. तराफा गेला की ती बुडते आणि परत वर येऊ शकत नाही.

प्रोजेक्टसाठी होडीतून नमुने घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांना एवढंच सांगेन की नेहमीचं प्लवकांचं, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक जिवांचं, जाळं पाण्याखालून ओढलं जातं, त्यात वरचा थर येतच नाही. जाळ्याचं तोंड अर्धं पाण्याबाहेर हवं आणि होडीने घुसळलेल्या पाण्यापासून लांब हवं. हॅलोबेटिस हा खुल्या समुद्रात राहणारा बिनपंखी कीटक दिवसा जाळं टाळून उड्या मारतो, रात्री जास्त सापडतो. पाषाण तलावावर पाण्यावरून घसरत जाणारे लांब पायांचे किडे पाहिलेत ना, त्यांचाच हा नातेवाईक.

किनारा साफ करताना बाटली उचललीत तर आधी उलटून बघा, देठाने चिकटलेले, शिंपल्यांसारखे दिसणारे बार्नाकल नावाचे जीव असतात. मुळा-मुठेचं पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं, त्यामुळे इथला कचरा आपल्या नदीचा नव्हे. आपल्या गाडीतून आलेला मात्र असतो.

शेवटची चूक नोंदींची. सापडलं तरच लोक लिहितात. तारीख, किनारा, वाऱ्याची दिशा आणि ‘आज काहीच नाही’ हेही लिहा. फायसेलियाच्या फुग्यावरची शिडासारखी झालर डावीकडे आहे की उजवीकडे, तेही मोजा. दोन्ही प्रकार एकाच वाऱ्यात वेगवेगळ्या बाजूंना सरकतात, म्हणून एका किनाऱ्यावर एका वेळी बहुधा एकाच बाजूचे जास्त येतात. शंभर फुगे मोजायला अर्धा तास पुरतो.