जजला हाक मारण्यापूर्वी: पहिल्या मोठ्या कार्ड-स्पर्धेची तयारी

दुकानातल्या साप्ताहिक खेळातून मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या ‘काँपिटिटिव्ह’ (कडक नियमांच्या) पातळीच्या स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्या मुंबईकर खेळाडूंसाठी ही तयारीची यादी आहे. दोन्हीकडे खेळ तोच असतो, पण झालेल्या चुकीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. दुकानात जज (नियम पाहणारा पंच) चूक समजावून सांगतो आणि खेळ पुढे सुरू करून देतो. येथे तिची नोंद होते, आणि काही चुकांवर थेट गेम जातो. माझ्या पाहण्यात असे गेम डावपेचांत कमी आणि कागद, स्लीव्ह (कार्डांवरची प्लास्टिकची आवरणे) व बोलण्यातल्या ढिलाईत अधिक गेले आहेत, म्हणून निम्मी तयारी आदल्या रात्रीच उरकावी.

प्रथम डेकची, म्हणजे आपल्या कार्डांच्या गड्डीची, यादी लिहावी. मुख्य डेकमध्ये किमान ६० कार्डे, साइडबोर्डात (दोन गेमच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांत) जास्तीत जास्त १५, आणि बेसिक लँड (साधी जमीन-कार्डे) वगळता कोणत्याही कार्डाच्या दोन्ही मिळून चारच प्रती, हे सर्वांना पाठ असते. तरीही बेसिक लँडचा आकडा लिहायचा राहतो आणि यादी ५६ वर थांबते. यादीतल्या चुकीची ठरलेली शिक्षा गेम लॉस, म्हणजे एक गेम गमावणे, आहे. कार्डाचे नाव पूर्ण लिहावे, कारण एकाच पात्राच्या नावाची अनेक कार्डे असतात आणि अर्धवट नावामुळे खेळाडूला नंतर सोयीचे कार्ड घुसवण्याची वाट मोकळी राहते. यादी लिहून झाल्यावर डेक त्या यादीवरून पुन्हा मोजावा, आठवणीवरून मोजू नये.

यानंतर फॉइल (चकचकीत थराच्या) कार्डांकडे वळावे, कारण मुंबईत हा विषय इतर कोणत्याही नियमापेक्षा अधिक जणांना भोवतो. मृग लागल्यापासून परतीच्या पावसापर्यंत हवेत जो दमटपणा असतो, त्याने फॉइल कार्डाचा कागदी थर फुगतो, चकचकीत थर तसाच राहतो आणि कार्ड पापडासारखे वाकते. मागच्या श्रावणात दादरला एका स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत जजने माझा डेक टेबलावर ठेवून बाजूने पाहिला, तेव्हा चार ठिकाणी बारीक फट दिसत होती. वरचा भाग उचलला की डेक नेमका त्या फटीपाशी उघडत होता आणि चारही जागी एकच कार्ड निघत होते. माझा हेतू तसा नव्हता हे जजने मान्य केले. परंतु खुणेची कार्डे एरवी वॉर्निंगवर सुटली, तरी खुणांतून फायद्याची ओळख पटत असेल तर शिक्षा गेम लॉसपर्यंत चढते, आणि तशी ती चढली. म्हणून साधी छापील प्रत मिळत असेल तर फॉइल घरीच ठेवावे. साधी प्रत मुळात छापलेलीच नसेल, तर हेड जजला (स्पर्धेच्या मुख्य पंचाला) त्या कार्डासाठी प्रॉक्सी (बदली कार्ड) देता येते, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. प्रॉक्सी घरून करून आणता येत नाही. ती हेड जजच देतो, आणि कार्ड टेबलावर उघडे असताना मूळ कार्ड शेजारून आणून तिच्या जागी ठेवायचे असते. सगळे स्लीव्ह एकाच पाकिटातले आणि नवे घालावेत, दहा-बारा जास्तीचे जवळ ठेवावेत आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात.

रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी पाहून ठेवावा. फेरी सुरू होताना खेळाडू जागेवर नसेल तर गेम जातो आणि दहा मिनिटे उलटली की संपूर्ण मॅच (सगळे गेम मिळून होणारी लढत) जाते. लोकल उशिरा आली हे कारण घरी चालते, तेथे चालत नाही.

टेबलावर बसल्यावर डेक स्वतः नीट पिसावा आणि नंतर प्रतिस्पर्ध्याचाही पिसावा. या पातळीवर नुसते काटून परत देणे पुरेसे धरले जात नाही. ढीग घालून कार्डे मोजण्याची मुभा प्रत्येक गेमच्या आरंभी एकदाच आहे, आणि ती अवश्य वापरावी, कारण मागच्या मॅचमधले साइडबोर्डाचे कार्ड डेकमध्ये जास्तीचे राहून गेले असल्यास आकड्यावरून तेव्हाच सापडते. लाइफचा, म्हणजे प्रत्येकाच्या उरलेल्या गुणांचा, हिशेब कागदावर, प्रत्येक बदल कशामुळे झाला याच्या खुणेसह ठेवावा. लाइफ दाखवायला ठेवलेला फासा हाताच्या धक्क्याने उलटला तर मागे काय होते हे सांगता येत नाही, तर कागदावरची ‘१७, १४, १३’ ही उतरण जजला वाद सोडवताना वाचता येते.

आता जजला बोलावण्याविषयी. शंका आली त्या क्षणी हात वर करून मोठ्याने हाक मारावी आणि टेबलावरची एकही वस्तू हलवू नये. खेळाच्या दोन पाळ्या (टर्न) उलटल्यावर मागे जाणे बहुतेक वेळा शक्य राहत नाही. बोलावल्याबद्दल प्रतिस्पर्ध्याने तोंड वाकडे केले तरी संकोच बाळगू नये. खंड एका मिनिटाहून अधिक झाला तर तेवढी वाढीव वेळ मिळायला हवी, ती जज जाण्यापूर्वी मागून घ्यावी. हातातल्या कार्डाबद्दल विचारायचे असल्यास टेबलापासून दूर बोलण्याची विनंती करता येते.

प्रश्न कसा विचारावा याचा सराव घरी करावा. लाइफ किती, कोणते कार्ड टॅप (वापरून आडवे केलेले) आहे, कोणावर किती काउंटर (खुणेच्या सोंगट्या) आहेत, यांची उत्तरे प्रतिस्पर्ध्याने पूर्ण आणि खरी द्यायलाच हवीत. परंतु जे हिशेब करून निघते, ते तो चुकीचे सांगू शकत नसला तरी सांगायचे नाकारू शकतो, आणि जजही तो हिशेब करून देत नाही. टार्मोगॉइफ या क्रीचर (प्राणी) कार्डाचे उदाहरण घेऊ. सर्व ग्रेव्हयार्डांत (वापरून संपलेल्या कार्डांच्या ढिगांत) मिळून कार्डांचे जितके प्रकार असतील तितकी त्याची पॉवर (मारा), आणि त्याहून एक अधिक टफनेस (मार सोसण्याची ताकद). ग्रेव्हयार्डांत फक्त लँड आणि क्रीचर आहे, म्हणजे तो २/३ आहे, आणि आपल्या हातात तीन डॅमेजचा लाइटनिंग बोल्ट आहे. ‘हा मरेल का?’ असे विचारल्यास जज बहुधा उत्तर टाळेल. ‘बोल्ट ग्रेव्हयार्डात आधी जातो की क्रीचर मेले का याची तपासणी आधी होते?’ हा मात्र नियमाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मिळते: बोल्ट आधी जातो. बोल्टचा ‘इन्स्टंट’ हा नवा प्रकार मोजला गेल्याने टार्मोगॉइफ ३/४ होतो आणि वाचतो. याच धर्तीवर आपल्या डेकमधल्या दोन-तीन अवघड जोड्या आधीच समजून घ्याव्यात. ब्लड मून (बेसिक नसलेल्या लँडना माउंटन करणारे कार्ड) आणि अर्बोर्ग (सर्व लँडना स्वॅम्पही करणारी लँड) एकत्र आले तर आधी कोण आले याला महत्त्व नसते, ब्लड मूनच चालतो, कारण अर्बोर्ग स्वतःच माउंटन होऊन आपला गुण गमावते. फ्लोअर जजचा (टेबलापाशी आलेल्या जजचा) निर्णय पटला नाही, तर त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि नंतर शांतपणे हेड जजकडे दाद मागावी. हेड जजचा निर्णय अंतिम असतो, त्यावर पुन्हा हुज्जत घालू नये.

जिभेवरही ताबा हवा. ‘वेळ संपला, नाणे उडवून ठरवू’ किंवा ‘वडापाव खिलवतो, ही मॅच सोड’ हे आपल्याकडे सहज थट्टेत बोलले जाते. येथे पहिले अयोग्य रीतीने विजेता ठरवणे होते आणि दुसरे लाच. थट्टा होती हे सिद्ध करण्यात वेळ आणि अब्रू दोन्ही जातात. समोरच्याने असे काही सुचवले तर हसण्यावारी न नेता लगेच जजला बोलवावे. बरोबर येणाऱ्या मित्रालाही बजावून ठेवावे की, मागे उभे राहून ‘अरे, ट्रिगर!’ म्हणणे, म्हणजे कार्डाच्या आपोआप लागू होणाऱ्या परिणामाची आठवण देणे, ही बाहेरची मदत ठरते. नियमभंग दिसला तर मात्र तो मॅच थांबवायला सांगून जजला बोलावू शकतो.

शेवटची मॅच झाली की निकाल नोंदला गेल्याची खात्री करावी, प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला गेलेली आपली कार्डे परत घ्यावीत आणि सगळी ७५ कार्डे टेबलावरच मोजून डब्यात भरावीत; स्टेशनच्या गर्दीत ती मोजता येत नाहीत.