नवा स्मार्टफोन पारखून कसा घ्यावा

फोनच्या खोक्यावर बरेच आकडे छापलेले असतात, पण ज्या आकड्यावरून मी सर्वांत आधी निर्णय घेतो तो त्यावर सहसा नसतोच. तो आकडा म्हणजे या फोनला सुरक्षा-अपडेट, म्हणजे सुरक्षेतील त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, कोणत्या वर्षापर्यंत मिळणार. म्हणून खरेदीची पहिली पायरी दुकानात नव्हे, घरीच पार पाडावी. मनात असलेल्या दोन-तीन फोनांची नावे कागदावर लिहावीत, प्रत्येकापुढे तो बाजारात आल्याचा महिना आणि कंपनीने जाहीर केलेली अपडेटची वर्षे लिहावीत, आणि मग किंमत उरलेल्या वर्षांनी भागावी. ही वर्षे आपण फोन घेतला त्या दिवसापासून नव्हे, तर तो मॉडेल पहिल्यांदा विक्रीला आला तेव्हापासून मोजली जातात, हे येथे विसरून चालत नाही.

समजा, १८,००० रुपयांचा एक फोन दीड वर्षापूर्वी आलेला आहे आणि त्याला ३ वर्षांचे सुरक्षा-अपडेट आहेत. म्हणजे उरली दीड वर्षे, आणि वर्षाला १२,००० रुपये पडले. दुसरा फोन ३०,००० रुपयांचा, सहा महिन्यांपूर्वी आलेला आणि ६ वर्षांचे अपडेट असलेला. तो वर्षाला साडेपाच हजारांच्याही आत पडतो. सवलतीत मिळणारा ‘गेल्या वर्षीचा’ फोन बहुधा या हिशेबात उघडा पडतो. गूगलने पिक्सेल ८ पासून (२०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ मालिकेपासून (२०२४) ७ वर्षांची हमी दिली. पुढे गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या कमी किमतीच्या फोनलाही ६ वर्षे मिळाली. त्यामुळे ‘स्वस्त फोनला अपडेट कुठले मिळणार’ ही सबब आता मला पटत नाही.

दुसरी पायरी म्हणजे खोक्यावरचे फुगवलेले आकडे वजा करणे. ‘८ जीबी + ८ जीबी रॅम’ असे लिहिलेले असेल, तर त्यातील दुसरे ८ जीबी म्हणजे स्टोरेजचाच उसना घेतलेला तुकडा असतो आणि तो खऱ्या रॅमपेक्षा पुष्कळ संथ चालतो, म्हणून पहिलाच आकडा धरावा. कॅमेऱ्याचे ५० मेगापिक्सेलही असेच. सामान्यतः असा सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि २०० मेगापिक्सेलचा सेन्सर सोळा-सोळा एकत्र करून तेवढाच. सोबतचा २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ कॅमेरा माझ्या मते निव्वळ खोगीरभरती आहे. ५जीच्या बाबतीत मात्र खोलात शिरावे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झाले, ते मुख्यतः एन ७८ या बँडवर, म्हणजे लहरींच्या ठरावीक पट्ट्यावर. जिओकडे त्याखेरीज ७०० मेगाहर्ट्‌झचा एन २८ बँडही आहे. कमी वारंवारतेच्या लहरी भिंतींतून अधिक चांगल्या शिरतात, म्हणून पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींआड राहणाऱ्या जिओच्या ग्राहकाने फोनच्या माहितीपत्रकात हे दोन्ही बँड आहेत ना, ते पाहून घ्यावे.

आता दुकान. पुण्यातला लक्ष्मी रस्ता असो वा कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता, गर्दीची संध्याकाळ टाळून दुपारी बाराच्या सुमारास जावे, कारण स्क्रीनची खरी परीक्षा उन्हातच होते. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली प्रत्येक स्क्रीन झकास दिसते. दुकानदाराला विचारून मांडून ठेवलेला फोन दारापर्यंत न्यावा, ब्राइटनेस पूर्ण वाढवावा आणि एखाद्या बातमीची बारीक अक्षरे वाचून पाहावीत. कॅमेऱ्यासाठी याच्या उलट करावे, म्हणजे जिन्याखालचा किंवा काउंटरमागचा अंधारा कोपरा शोधावा. तेथे आपल्या सोबत्याला चालायला सांगून त्याचा फोटो काढावा आणि चेहरा फराटलेला येतो का ते मोठा करून पाहावे. स्थिर वस्तूचा फोटो आज सर्वच फोन बरा काढतात.

यानंतर जी चाचणी मी करतो, तिला दुकानातली मुले हसतात, पण ती मी सोडत नाही. फोनची भाषा मराठी करावी, मराठी कीबोर्ड सुरू करावा आणि ‘दुसऱ्या वाऱ्याची तऱ्हा’ एवढे तीन शब्द लिहावेत. ‘ऱ्या’ उमटवण्यासाठी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त आणि मग ‘या’ असा क्रम लागतो. काही कीबोर्डांवर हा ऱ साध्या ‘र’ वर बोट दाबून धरल्यावर सापडतो, तर काहींवर तो दुसऱ्या पानावर लपलेला असतो. नीट जमले नाही तर ‘दुसर्या’ असे रफार घेतलेले अक्षर उमटते, आणि वाचणारा अडखळतो. त्याच वेळी ‘लसूण’ आणि ‘शेंगदाणा’ लिहून ल आणि श यांची वळणे पाहावीत. अनेक फोनांवर ती हिंदी पद्धतीची येतात. कीबोर्ड नंतर बदलता येतो, पण सेटिंग्जच्या पडद्यावरची मराठी कशी दिसते हे कंपनीच्याच हाती असते, आणि ज्या कंपनीने त्या पडद्यावर ‘अद्यतन’, ‘अपडेट’ आणि ‘सुधारणा’ हे तीन शब्द एकाच अर्थाने विखरून ठेवले आहेत, तिने मराठी ग्राहकाचा कितपत विचार केला असेल हे आपण ओळखावे.

टॅब्लेटच्या बाबतीत आणखी एक तपासणी आहे, आणि ती मी पैसे घालवून शिकलो. आईला मालिका पाहण्यासाठी मी दहा इंचांचा एक टॅब्लेट घेतला. खोक्यावर फुल एचडी लिहिले होते, पण मालिका सुरू होताच पात्रांचे चेहरे ओल्या काचेतून पाहावे तसे दिसू लागले. दुकानदार म्हणाला, “साहेब, स्क्रीन तर फुल एचडीच आहे ना?” त्याचे म्हणणे खरे होते. अडचण होती ती वाइडवाइन नावाच्या परवाना-व्यवस्थेची. टॅब्लेटला तिची ‘एल १’ पातळी मिळालेली नसेल आणि ‘एल ३’ वरच भागवले असेल, तर पैसे भरून पाहायची अनेक ॲप्स चित्र साधारण ४८० ओळींच्या दर्जापुरतेच दाखवतात. ‘डीआरएम इन्फो’ हे मोफत ॲप दुकानातच टाकून ही पातळी अर्ध्या मिनिटात कळते. बाकी, ज्याच्याकडे साडेसहा इंचांचा फोन आहे आणि ज्याला पीडीएफ वाचणे किंवा हाताने टिपणे काढणे यांपैकी काहीच करायचे नाही, त्याने टॅब्लेट घेऊच नये असे माझे मत आहे. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, हेही गाडीत नकाशासाठी तो वापरू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

फोन ठरल्यावर पैसे देण्याआधी खोके आपल्यासमोर उघडायला लावावे. फोनवर *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख-क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी एक-एक अंक जुळवावा. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवल्यास फोनची नोंद खरी आहे का ते कळते, आणि हीच सोय ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरही आहे. बिल जीएसटीचे, पक्के असावे. पुढे तक्रार करायची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तेथेही बिलाची गरज पडेल.

खोक्यात चार्जर नसेल, तर तो घेण्याची घाई तेथेच करू नये. फोन यूएसबी पॉवर डिलिव्हरी या अनेक कंपन्यांच्या सामाईक पद्धतीवर वेगाने चार्ज होतो, की कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या फोनला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातला ६५ वॅटचा साधा चार्जर जोडला, तरी तो त्याचा पूर्ण वेग बहुधा घेत नाही. ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हा दुकानातला सल्ला जुन्या काळच्या बॅटऱ्यांचा आहे. लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नसते. उलट चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय फोनमध्ये असेल, तर ती पहिल्या दिवसापासून लावून ठेवावी.

जुना फोन मात्र लगेच कोणाला देऊ नये. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना बँकेशी जोडलेले सिम त्याच फोनमध्ये असावे लागते, कारण पडताळणीचा एसएमएस तेथूनच जातो. दोन पायऱ्यांच्या लॉगिनचे कोड देणारी ॲप्सही वेगळी हलवावी लागतात. आठ-दहा दिवसांत सर्व काही नव्या फोनवर चालते याची खात्री झाली, की जुन्या फोनच्या सेटिंग्जमधून आधी गूगल खाते काढावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावा. हा क्रम चुकला आणि खाते तसेच राहून रीसेट झाला, तर फोन सुरू करताना तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो, आणि मग ज्या पुतण्याला तो दिला असेल त्याचा फोन रात्री अकरा वाजता तुम्हाला येतो.